मोसमाची संभावना

माझी नणंद मला पाण्यात पाहते. मीही तिला पाहते. दोघींचा पेशाच पाण्याचा असल्यामुळे त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. ती कॉलेजच्या मुलींना पोहायला शिकवते, मी सूर मारायला. घरी स्वयंपाकघर एक, इथे तलाव एक, आणि दोन्हीकडे तिचा पसारा माझ्या जागेत.

दरवर्षी मोसमाआधी कॉलेज एक छापील तक्ता भरून मागतं. मथळा असतो 'मोसमाची संभावना'. येत्या स्पर्धांत संघाकडून काय आशा आहे, एवढंच त्यात लिहायचं. पण ज्या कारकुनाने हा शब्द निवडला त्याला त्याचा दुसरा अर्थ नक्की ठाऊक असणार, कारण दरवर्षी त्या तक्त्यात कोणाची ना कोणाची शेलकी संभावना होतेच. यंदा माझी झाली. नणंदेने स्वतःच्या बारा पोरींबद्दल दीड पान कौतुक लिहिलं आणि खाली एक ओळ: 'उड्या: आशा नाही. फळी काढून पोहण्यासाठी दोन लेन वाढवाव्यात.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उड्या बेडूक मारतात! माणूस सूर मारतो. हे मी या घरात लग्न होऊन आल्यापासून तिला सांगतेय, आणि ती मुद्दाम 'उड्या' म्हणते.

मी तडक क्रीडाप्रमुखांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. ते गृहस्थ भांडणाला घाबरतात. त्यांनी लगेच चाचणी ठेवली: शनिवारी सकाळी, तीन पंच, सहा सूर, एकशे ऐंशी गुण. तेवढे मिळाले तर फळी राहील. नाही मिळाले तर फळी भंगारात आणि मी घरी.

माझ्याकडे सूर मारणारी मुलगी एकच उरली होती. आधीच्या दोघींना नणंदेने गोड बोलून आपल्या लेनमध्ये ओढलं होतं. ही राहिली, कारण हिला घाई कसली ती माहीतच नाही. फळीच्या टोकाशी पोचायलाच इतका वेळ लावते की सगळा तलाव तिला गोगलगाय म्हणतो. पण एकदा पाय सुटले की बघत राहावं. पाणी उडतसुद्धा नाही.

तिच्याकडून मी दोनच गोष्टी घोकून घेतल्या होत्या. एक, मी दिलेल्या कागदावर सही करायची, वाचत बसायचं नाही. दुसरी, फळीवर चढलीस की कान बंद. काठावरून माझी नणंद काय काय टोमणे मारेल, ऐकायचं नाही. मनात सतराचा पाढा म्हणायचा. पोरीने तेही केलं. फळीवर तिचे ओठ हलताना दिसायचे.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून मी सुरांचा कागद भरत होते. प्रत्येक सुराला आकडा असतो. चारशे तीन म्हणजे पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि फळीच्या दिशेने कोलांटी घ्यायची. दोनशे तीन म्हणजे उभं तसंच राहायचं, कोलांटी मात्र उलट, मागे. कागदावरचे आकडे माइकवर वाचले जातात. वाचला एक आणि मारला दुसरा, तर शून्य. वाचताना चूक वाटली तर शिकवणारीने नाहीतर मुलीने हात वर करायचा. तिसऱ्या कोणाला बोलायची मुभा नाही.

नणंद दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, हट्ट सोड. ही पोरगी मला दोनशेच्या रिलेला दे."

"देत नाही."

"अगं, दोनशेला मला चौथी कोणी नाही. इथे एकटी कुजण्यापेक्षा दोनशेला तिचं नाव तरी होईल."

"काय दोनशे दोनशे जप लावलायस? तुझ्या बारा म्हशी कमी पडल्या का?"

"दोनशेला पडतात कमी," ती थंडपणे म्हणाली. तिचा हा थंडपणा मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबतो.

शेवटचा आकडा मी इतका दाबून लिहिला की कागद फाटायचा राहिला. गोगलगायीने सही केली. न वाचता.

पाच सूर झाले. एकशे एकोणपन्नास गुण. उरला एक, हवे एकतीस. आणि तो एक तिचा सगळ्यात पक्का, चारशे तीन. मी मनात फळीला नवा रंगसुद्धा देऊन टाकला. गोगलगाय शिडी चढली. ओठ हलायला लागले. पंचांशेजारी गुण मांडत बसलेली नणंद अचानक उठली आणि ओल्या फरशीवरून जवळजवळ धावतच माझ्याकडे आली.

"वहिनी, तो आकडा..."

"तोंड उघडू नकोस!"

"अगं, ऐक तरी..."

"शेवटच्या सुराला नाट लावायला आलीस? चल, निघ इथून!"

माझा आवाज तलावभर घुमला. माइकवर काय वाचलं ते मला कळलंच नाही. मग फळी थरथरली, आणि पोर हवेतून अशी काही आत शिरली की पाण्यावर नुसता एक गोल उरला. मी टाळ्या वाजवल्या. मी एकटीनेच.

"शून्य," मुख्य पंच म्हणाले. "जाहीर झाला दोनशे तीन, मारला चारशे तीन."

"हिने कागद बदलला!" मी नणंदेकडे बोट करून ओरडले. जे मनात साचलं होतं ते सगळं ओकले. घरातलं, इथलं, गेल्या वीस वर्षांतलं. क्रीडाप्रमुख खाली मान घालून बसले. पंचांनी कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर माझं. दाबून लिहिलेला, शेपटी लांब ओढलेला, माझाच दोन.

"हेच सांगायला आले होते," नणंद म्हणाली. "सूर छान होता."

सूर म्हणाली ती. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यापेक्षा कानफटात दिली असती तर बरं झालं असतं.

गोगलगाय टॉवेल गुंडाळून समोर उभी होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"मॅडम, तुमचं ऐकलं, म्हणून मला काही ऐकू आलं नाही."

मला तिच्याकडे बघवेना. क्रीडाप्रमुख पुटपुटले की नियम तो नियम, फळी सोमवारी काढू. नणंदेने पिशवीतून तक्ता काढला, आपली ती शेवटची ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुझी ओळ तूच लिही."

मी लिहिलं: 'सूर: मुलगी उत्तम, दोनशेच्या रिलेला घ्यावी. शिकवणारी कोणाचं ऐकत नाही, तिच्याकडून आशा नाही.' यंदा माझी संभावना माझ्याच हातून झाली. खाली खेळाडूच्या सहीची जागा होती. मी तक्ता गोगलगायीपुढे धरला.

"कर सही."

"आधी वाचते," ती म्हणाली, आणि ओलं बोट एकेका शब्दावरून सरकवत सावकाश वाचू लागली.