तीन हाका आणि एक घंटी

मी बोलतेय, समुद्राकाठच्या टांगा नावाच्या शहरातल्या वाचनालयाच्या पुढच्या टेबलावरची पितळी घंटी. बोलायची मला सवय नाही. डोक्यावर चापट बसली की वाजायचं, एवढंच माझं बोलणं. पण सोमवारी एक बारीकशी गोष्ट चुकली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सोमवारी दुपारी दारातून हाक आली, "होडी!"

नाव वल्हवत कुणी आलं नव्हतं. उंबऱ्याशी उभं राहून 'आत येऊ का?' असं विचारायचा हा आमच्या किनाऱ्यावरचा शब्द. आतून 'करिबू', म्हणजे 'या', असं आलं की मगच पाऊल उचलायचं. हाक तीनदा द्यायची. तिन्ही हाका वाया गेल्या तर घरात कुणी नाही, किंवा असलं तरी त्यांना सवड नाही, असं समजून मुकाट परतायचं. चौथी हाक मारणारा माणूस आगाऊ.

सोमवारी तीन हाका आल्या. एकीलाही उत्तर मिळालं नाही. मग रबरी चपला पायऱ्या उतरून गेल्या.

बस, एवढंच झालं. पण या टेबलावर मी बत्तीस वर्षं आहे, आणि 'होडी'ला उत्तर नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

माझा जन्म कुठला ते मला नीट ठाऊक नाही. ओतशाळेतला लालभडक उजेड तेवढा आठवतो, आणि पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा मीच केवढी घाबरले होते ते. पुढे जहाजातून आले आणि समुद्राकाठच्या एका हॉटेलात दाराजवळ बसले. तिथे मला वाजवणं म्हणजे नोकरांना बोलावणं. पाहुणा एक चापट मारायचा, की आतून कुणीतरी ओले हात पुसत धावत यायचं. उशीर झाला की दुसरी चापट, जोरात. धावत येणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा दचका मी रोज बघायचे. खरं सांगते, मीसुद्धा दचकायचे. ज्या घंटीने दुसऱ्यांना दचकवायचं, तीच इतकी भित्री. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

हॉटेल बंद पडलं. खुर्च्या एकीकडे गेल्या, आरसे दुसरीकडे, आणि मी इथे आले.

इथे या टेबलाशी बसणारी बी तातू, म्हणजे तातूबाई, होती. काय सांगू तिच्याविषयी! अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. दारात कुणी 'हो' म्हणायच्या आत हिचं 'करिबू' तयार. ती टेबलाशी असताना मला कुणी हात लावायची गरजच पडायची नाही. मी नुसती बसून गंमत ऐकायचे.

"बी तातू, पुस्तक आणायला उशीर झाला. बायकोने चूल पेटवायला काढलं होतं, कसंबसं वाचवलं."

"मग पुढच्या वेळी पुस्तक चुलीपाशी ठेव आणि बायकोला इथे आणून जमा कर. तिला तरी दोन अक्षरं वाचू दे."

अख्खं वाचनालय हसायचं, आणि मग तीच सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प करायची.

हळूहळू दिवस पालटले. पुस्तक न्यायला येणारी माणसं कमी झाली आणि भलतीच कामं घेऊन येणारी वाढली. कुणाला जन्माचा दाखला काढायचा, कुणाला परीक्षेचा निकाल बघायचा, कुणाला परमुलखातल्या भावाला पत्र पाठवायचं. सगळं कॉम्प्युटरवर. किलुआसाहेब, आमचे प्रमुख, त्यांनी मागच्या खोलीत सहा कॉम्प्युटर मांडले आणि बी तातूला तिथे बोलावलं.

"या वयात मला उंदीर धरायला लावता?" ती म्हणाली. पण महिन्याभरात तो उंदीर तिने असा धरला की तरणी पोरं तिला विचारून अर्ज भरू लागली.

मग साहेबांनी ठरवलं की लोक आपल्याकडे येत नसतील तर आपण लोकांकडे जायचं. आता बी तातू पुस्तकांची पेटी घेऊन आठवड्यातले बहुतेक दिवस बाळांच्या दवाखान्यात नाहीतर बाजारात जाते. बायका रांगेत बसलेल्या असतात, तिथे ती वाचून दाखवते आणि सांगते, "अर्जबिर्ज काही असेल तर वाचनालयात या गं. फुकटात करून देतो."

तिच्या जागी हिदाया आली. बागामोयोच्या कॉलेजात वाचनालयाचं शिक्षण घेतलेली, चोविशीची. छपाईयंत्र खर्र करून जागं झालं तरी ही पोर दचकते. पहिल्याच दिवशी मला कळलं, ही माझ्याच जातीची. बोलते तर इतकं हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागतो. पण काम चोख. म्हणून साहेबांनी या सोमवारपासून दुपारी तिला मागच्या खोलीत बसवलं. पुढच्या टेबलावर उरले मी, आणि माझ्या शेजारी एक पाटी: 'मदत हवी असल्यास घंटी वाजवा.'

माणसं दोनच आणि कामं दहा, साहेबांचं तरी काय चुकलं? पण ती पाटी वाचूनच मला धडकी भरली. वाटलं, आता सगळं माझ्यावर आलं.

बुधवारी त्याच रबरी चपला परत आल्या. होडी. होडी. यावेळी मी बाईला नीट पाहिलं. पन्नाशीची, खांद्यावर खांग्याचं रंगीत, छापील कापड, हातापायांना खारं पाणी मुरलेलं, अंगाला समुद्रशेवाळाचा वास. ओहोटीला पाण्यात उतरून शेवाळाची शेती करणाऱ्या बायकांचा असतो तसा. टेबलाजवळ वाचत बसलेल्या चार-पाच जणांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. माणसं वाईट नव्हती. पण घर त्यांचं नव्हतं, मग 'या' कुणी म्हणायचं?

शेवटी कॉलेजातली एक मुलगी कानातली वायर काढून म्हणाली, "कुणाला भेटायचंय, आई?"

"बी तातूने दवाखान्यात सांगितलं होतं इथे या म्हणून. माझं नाव साउमू. लेकीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळालीय. शुक्रवारी चारच्या आत कॉम्प्युटरवर होकार भरायचा, नाहीतर जागा दुसरीला. ती आठवडाभर तापाने फणफणलीय, म्हणून मी आले. तिच्या अर्जाचा आकडा आणलाय कागदावर."

"मग घंटी वाजवा की. येतील बाहेर."

साउमूने माझ्याकडे पाहिलं. हात पुढे आला. माझं अंग आकसलं, नेहमीसारखं. पण तिची बोटं वीतभर अंतरावर थांबली.

"नको बाई. माझ्या आईला अशाच घंटीवर धावत जावं लागायचं, हॉटेलात. चादरी धुवायची ती. हातातला घास टाकून उठायची. मी कोण लागून गेले अशी घंटी बडवून कुणाला बोलावणारी? आपली हाक बरी."

मुलीने कानात वायर घातली. साउमूने तिसरी हाक दिली, नेहमीसारखी अदबीने, आणि थोडं थांबून ती निघून गेली.

ती घंटी मीच होते का? टांगात हॉटेल काय एकच होतं? मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून कुणी माझ्यावरची धूळ पुसली तरी मला लाज वाटते.

काल, गुरुवारी, बी तातू पेटी ठेवायला आली. हिदाया चहा आणि तळलेलं गोड मांडाझी घेऊन तिच्याजवळ बसली.

"काय गं, शेवाळवाली साउमू आली होती ना? लेकीच्या कॉलेजचं काम?"

"नाही, बी तातू. कुणीच नाही आलं. घंटी वाजलीच नाही."

"घंटी?" बी तातू खदखदून हसली. "अगं, घंटी वाजवून आपल्याकडे येतं कोण? सरकारी माणसं आणि चावट पोरं. बाकीचे..." आणि ती मधेच थांबली. मांडाझी हातातच राहिलं. "हिदाया, बाकीचे हाक देतात गं. तीनदा."

हिदायाचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "मागच्या खोलीचं दार बंद असतं. गार हवा बाहेर जाते म्हणून. मला काहीच ऐकू येत नाही."

"फोन नंबर तिचा मी घेतला नाही. म्हटलं येईलच. उद्या शेवटचा दिवस आणि मला पलीकडच्या दवाखान्यात जायचंय. तूच कान उघडे ठेव, पोरी."

"पण साहेबांनी जागा सोडायची नाही म्हणून सांगितलंय."

"मग कान तेवढे पाठव बाहेर," बी तातू म्हणाली, पण हसली नाही.

आज शुक्रवार. सकाळी हिदाया साहेबांपुढे उभी राहिली. तिचे हात मागे एकमेकांना घट्ट धरून होते.

"साहेब, मी दुपारी पुढे बसू?"

"कशाला? या आठवड्यात घंटी वाजली किती वेळा? माझ्या कानावर तर एकदाही आली नाही. घंटी वाजत नाही म्हणजे लोक येत नाहीत. आत नऊ जण खोळंबलेत, ते दिसत नाहीत तुला?"

"येत असतील आणि वाजवत नसतील तर?"

"हात नाहीत का त्यांना?" साहेब म्हणाले. रागावून नाही, खरोखर न कळून. ते मोठ्या शहरात वाढलेले. त्यांच्याकडे इमारतीला घंटी आणि दाराला घंटी.

हिदाया वळली. पण आत जाताना तिने एक जाडजूड शब्दकोश उचलला आणि मागच्या दाराच्या फटीत सरकवला. दार हातभर उघडं राहिलं. आतला टकटकाट मला ऐकू येऊ लागला, म्हणजे इथला आवाज तिलाही जात असणार. माझा जीव जरा खाली बसला.

तीन वाजेपर्यंत कुणी आलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी आतून एक माणूस पाणी प्यायला बाहेर आला. परत जाताना शब्दकोशाला अडखळला. "पुस्तकं पायात टाकायची ही काय रीत?" असं म्हणून त्याने तो आदराने उचलला, पुसला, कपाटात ठेवला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

ते दार लागल्याचा आवाज ऐकल्यापासून मी तुमच्याशी बोलतेय. दुसरं काही करता येत नाही म्हणून.

समोरच्या घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत. आणि पायऱ्यांवर चपला वाजताहेत. रबरी.

"होडी!"

धावत आलेली दिसते. छाती वरखाली होतेय. हातात घामाने मऊ झालेला कागद. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. खाली घातल्या. मागचं दार बंद.

अहो, कुणीतरी हात लावा मला! तुम्ही, निळ्या सदऱ्यातले, तुमचं कोपर माझ्यापासून चार बोटांवर आहे. नुसतं पान उलटताना धक्का लागला तरी पुरे. आयुष्यभर मी चापटीला भ्याले. आज मारा. हॉटेलातल्या त्या पाहुण्यांसारखी मारा, दोनदा मारा. मला आतली जीभ आहे, पण ती स्वतःहून हलवता येत नाही. माझ्याजवळ पाटी आहे, 'मदत हवी असल्यास', आणि मदत मलाच हवी आहे.

"होडी!"

दुसरी गेली. मागच्या खोलीतून छपाईयंत्राची खरखर येतेय. साउमू घड्याळाकडे पाहते. तिला वाचता येत असेल नसेल, पण काटा चाराकडे सरकलेला तिला कळतो. कागदाची घडी घालते. परत उलगडते.

माणसांनो, एक सांगते. टेबलावर मला ठेवा, पाटी लावा, हवं ते करा. पण माझ्या भरवशावर दार सोडून जाऊ नका. काही माणसं मला कधीच वाजवणार नाहीत. त्यांच्याकडे फक्त आवाज असतो, तोही मोजून तीनदा.

तिने श्वास घेतला. मला वाटलं मागच्या दोन वेळांसारखीच अदबीची, हलकी हाक येईल आणि मग त्या चपला उतरू लागतील. पण साउमूने डोळे मिटले, दोन्ही हात दाराच्या चौकटीला धरले, आणि समुद्रात लांब गेलेल्या बाईला किनाऱ्यावरून बोलवावं तशी, सगळी छाती रिकामी करून ओरडली,

"होऽऽडी!"

मी टेबलावर थरथरले. वाचणारे दचकून उभे राहिले. कुणीतरी "श्शू" केलं.

मागच्या खोलीत खुर्ची पडली. साहेबांचा आवाज आला, "हिदाया, ह्यांचं अर्धं राहिलंय, कुठे निघालीस?" आणि दार धाडकन भिंतीवर आपटलं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, ती पोर पळत येत होती. बोलताना जिच्यापुढे कान करावा लागतो, तिने साऱ्या वाचनालयाच्या डोक्यावरून आवाज दिला,

"आले, आई, आले! जाऊ नका! आत या!"