चौथा डायोड

भंगाराच्या आवारात क्रेनला टांगलेला विद्युतचुंबक लोखंड उचलत असे, आणि त्याला वीज पुरवणारी पेटी वायरमन सांभाळत असे. तिथला मुकादम हा त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्या सकाळी वायरमन दोन गोष्टी पाहून आला होता: कुलूपबंद घराच्या खिडकीतून दिसलेला बहिणीचा फाटलेला ओठ, आणि पेटीतला काळवंडलेला चौथा डायोड.

"दाजी, घराची किल्ली द्या. आणि चुंबक आज बंद ठेवा."

"अजून काही हुकूम?"

वायरमनने राग गिळला. येणारी वीज क्षणोक्षणी दिशा पालटते. डायोड तिला एकाच बाजूने जाऊ देतो, उलटी फिरली की अडवतो. चार डायोड जोडीजोडीने वाट काढून देतात, म्हणून दोन्ही अर्ध्या लाटा चुंबकात एकाच दिशेने शिरतात आणि पकड टिकते. "एक तुटला की एक अर्धी लाट गेलीच. चुंबक अर्धपोटी, आणि वर टनभर लोखंड!"

"मग तू उभा राहा खाली," म्हणत मुकादमाने क्रेनवाल्याला खूण केली.

ओझे वर गेले. "खाली घे!" ओरडत वायरमन धावला. मुकादमाने त्याला नेमके ओझ्याखालीच गाठले, गचांडी धरली आणि ठोसा हाणला. तोंडात रक्त आले.

"माझ्या घरात नाक खुपसतोस? राहतंय का बघ आता नाक!"

दुसऱ्या ठोशाने दात हलला. तेवढ्यात वरची संथ गुणगुण तुटून खरखरीत थरथर सुरू झाली. चौथा डायोड गेला होता. एक पत्रा निसटून शेजारी आदळला. दचकून मुकादमाची पकड सुटली. तो नुसताच वर बघत राहिला.

एक पाऊल मागे घेतले असते, तर वायरमन सुटला असता, आणि बहीणही. पाऊल उचलले गेले ते पुढे. सगळ्या संतापानिशी त्याने मुकादमाच्या पोटात लाथ घातली आणि त्याच झोकात स्वतः त्याच्यावर कोसळला. मागे लोखंड जमिनीत घुसले. एका सळईने वायरमनची पोटरी फाडली.

"वाचवलंस मला?" मुकादम धापा टाकत म्हणाला.

"लाथ घातली, दाजी. वाचवणं ओघात झालं." वायरमनने पोटरीवर रुमाल आवळला आणि हात पुढे केला. "किल्ली. ताई माझ्या घरी पोहोचली, की नवा डायोड बसवतो."

मुकादमाची मूठ वळली. मग त्याची नजर ढिगाकडे गेली, आपण उभे होतो तिथे. मूठ खिशात गेली आणि किल्ली घेऊन बाहेर आली.