थरथरणारी रेघ

देविकाचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून सिद्धार्थलाच पुण्याहून झाशीला यावं लागलं.

देविका गुजरातच्या किनाऱ्यावर एका बंदरात पायलट होती. परक्या जहाजाच्या कप्तानाला बंदरातल्या वाटा ठाऊक नसतात. पायलट लाँचमधून, म्हणजे छोट्या मोटरबोटीतून, समोर जाते, जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोरशिडीनं वर चढते आणि कप्तानाशेजारी उभी राहून जहाज धक्क्याला लावून देते. अशाच एका शिडीवरून उतरताना लाँच लाटेबरोबर खाली गेली आणि देविकाचा खांदा निखळला. तेव्हापासून ती झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये वडिलांकडे होती.

सिद्धार्थची कंपनी पायलटांसाठी टॅबलेट बनवायची. जहाजावर दोन अँटेना ठेवल्या की पडद्यावर जहाजाचा आकार उमटे आणि थोड्या वेळानं ते कुठे असेल हे एक निळी रेघ दाखवी. देविकाच्या बंदरातल्या पायलटांना विचारूनच कंपनीनं ते घडवत आणलं होतं. आकडे किती मोठे हवेत, अंधारात पडदा किती मंद हवा, वारा कुठे दाखवायचा, सगळं त्यांनीच सांगितलेलं.

या वेळी मात्र प्रश्न एका माणसाच्या नोकरीचा होता. देविकाचा कनिष्ठ सहकारी हृषीकेश ओहोटीत एक रिकामं जहाज आत आणत असताना ते धक्क्याच्या कोपऱ्याला घासलं. इजा कोणाला झाली नाही, पण पत्र्याला मोठा पोचा आला. चौकशीत चूक त्याची ठरली आणि मोठी जहाजं त्याच्याकडून काढून घेतली गेली. तो एकच सांगत राहिला, की रेघ कोपऱ्यापासून लांब दिसत होती. सिद्धार्थनं त्या दिवसाच्या नोंदी दोनदा तपासल्या. हिशोबात कुठेच चूक सापडली नाही.

"म्हणूनच तुला बोलावलं," देविका म्हणाली. "खोलीत बसून नाही कळणार. पाण्यावर बघू."

"झाशीत पाणी कुठलं, मॅडम?"

"एरचला बेतवा नदी आहे ना."

तिचे वडील दिवाकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी काढायला त्यांना निमित्तच हवं असे. "अरे भैया, आधी जेवून घ्या, मग निकलू," ते सिद्धार्थला म्हणाले. जेवणं झाली आणि तिघं निघाली.

पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते. बेतवेला ओढ होती. मुकेश नावाच्या नाववाल्यानं आपली मोटारीची नाव दिली. सिद्धार्थनं एक अँटेना पुढे बांधली, एक मागे, आणि टॅबलेटमध्ये नावेची लांबी-रुंदी भरली. देविकाच्या सांगण्यावरून मुकेशनं उथळ पाण्यात दोन बांबू रोवले. प्रवाह आडवा घेत त्यांच्यामधून नाव न्यायची, आणि नजर फक्त पडद्यावर ठेवायची. दिवाकरराव काठावर छत्री उघडून बसले.

पहिल्यांदा सिद्धार्थ बसला. तो पडदा बघून सांगे, मुकेश सुकाणू वळवी. रेघ बरोबर मधोमध होती. नाव मात्र सरकत गेली आणि डावा बांबू कलंडला.

"मला नाव चालवता येत नाही म्हणून झालं असेल," सिद्धार्थ म्हणाला.

"मग मी बघते."

देविकाला वाटत होतं, आपल्याला अंदाज आहे, आपण सावरून घेऊ. ती मान खाली घालून बसली आणि बंदरात देते तशा थोडक्यात आज्ञा देऊ लागली. पण रेघ मधोमध होती तोवर आज्ञा बदलायचं तिला कारणच दिसेना. रेघ बाजूला झुकेपर्यंत उशीर झाला होता. नावेला हिसका बसला.

"बिन्नू, बाँस तो गओ," मुकेश शांतपणे म्हणाला. पुन्हा रोवलेला बांबूही आडवा झाला होता.

हृषीकेशनं हेच पाहिलं असणार, देविकाच्या मनात आलं, आणि मी असते तर मीही तेच केलं असतं.

काठावर येऊन सिद्धार्थनं लॅपटॉप उघडला. "रेघ चुकत नाहीये," तो हळूच म्हणाला, "उशिरा वळतेय. आपण मागच्या काही सेकंदांची सरासरी घेतो. भरलेलं जहाज सावकाश वळतं, तिथे फरक कळत नाही. हलकं, रिकामं जहाज झटकन सरकतं."

"सरासरी कशाला घ्यायची?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम. पहिल्या वर्षी. रेघ सारखी थरथरते, डोळे दुखतात, ती स्थिर करा, म्हणून. सगळ्या पायलटांना ते आवडलं होतं."

हे सांगायला केलेला फोन तिला आठवला. आपण हसत बोललो होतो, हेसुद्धा आठवलं.

"मग आता पंख्यासारखी पसरत जाणारी रेघ करू," ती म्हणाली. "जितकं पुढचं, तितका अंदाज कच्चा, म्हणून तितकी रुंद."

"कंपनी नाही म्हणेल. तसला पडदा बघून लोकांना वाटेल, यांना काही माहीतच नाही. आणि त्या पंख्यात अर्धा धक्का झाकला जाईल."

हे शेवटचं मात्र तिला पटलं. दोघांनी वाद घातला, दिवाकररावांनी मधे चहा आणवला. शेवटी ठरलं, की सरासरी काढून टाकायची. रेघ थरथरू दे. आणि जितकं खात्रीनं सांगता येतं तितकीच ती लांब असू दे.

सिद्धार्थनं तिथेच बदल केला. उरलेल्या उजेडात त्यांनी नाव पुन्हा नेली. आखूड रेघ किड्यासारखी वळवळत होती. बघायला त्रासच होत होता. पण नाव बांबूंना न लागता पार झाली. दुसऱ्या खेपेला घासली, तिसऱ्या खेपेला पुन्हा पार झाली.

घरी आल्यावर देविकानं हृषीकेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं, सरासरी कोणाच्या सांगण्यावरून आली तेही.

तो म्हणाला, "म्हणजे मी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं."

"हो. चौकशीवाल्यांना मी स्वतः सांगणार आहे."

तिनं सांगितलं. लगेच काही झालं नाही. काही महिन्यांनी मूळ निष्कर्षाखाली आणखी एक परिच्छेद जोडला गेला आणि हृषीकेशला मोठी जहाजं परत मिळाली. नवी रेघ सगळ्यांनाच आवडली असं नाही. ज्येष्ठ पायलटांपैकी दोघांनी तक्रार केली, की डोळे दुखतात. देविकानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि सिद्धार्थला कळवलं, रंग सौम्य कर, बाकी हात लावू नकोस.

हृषीकेशनं मात्र कुठलीच रेघ पुन्हा कधी वापरली नाही. टॅबलेट तो सोबत नेतो, नियम आहे म्हणून. देविकानं त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही.