राजाची अडीच घरं

दौंडच्या बुद्धिबळ निवड स्पर्धेतला हा शेवटचा डाव राजश्रीला जिंकायचाच होता. जिंकली तर जिल्ह्याच्या महिला संघात, नाहीतर आहेच कारेगावची कंपनी आणि पार्ट तपासणं. तीन वर्षं ती अर्ध्या-अर्ध्या गुणानं मागं राहिली होती. समोर दौंडचीच राजनंदिनी, क्लास लावून शिकलेली.

सुरुवात मात्र राजश्रीनं आपल्या गावच्या, इनामगावच्या वळणानं केली. राजापुढचं प्यादं एक घर, मग घोड्यापुढचंही एकच घर. वडिलांनी, बन्सीआप्पांनी, तिला देशी बुद्धिबळ शिकवलेलं. त्यात प्यादं एकदम दोन घरं धावतच नाही. राजनंदिनी जरा बिचकली. तिला वाटलं, बाई पुस्तकं कोळून प्यायल्यात.

सातव्या खेळीपर्यंत ती सावरली आणि तिचा वजीर अंगावर चालून आला; शह अजून नव्हता. चाल करून ती पाणी प्यायला उठली. राजश्रीच्या डोक्यात राजाला वाचवायचं एवढंच, आणि हातानं राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं नेला. गावाकडं शह बसायच्या आधी राजाला अशी एक उडी माफ असते. इथं नसते. ठेवणार तोच ती भानावर आली आणि राजा गुपचूप जागेवर गेला.

हात लागला म्हणजे आता राजाच चालवायचा. त्याला मोकळं घर एकच, तेही अगदी उघड्यावर. पण विचारणार कोण? पंच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, राजनंदिनी माठापाशी. पाहत होते ते फक्त दोरीपलीकडं उभे असलेले आप्पा. सकाळी एसटीत भेटेल त्याला ‘लेक जिल्ह्याकडून खेळणार’ म्हणून सांगत आलेले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. आप्पांनी सावकाश मान फिरवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

उंट पुढं घातला असता तर डाव वाचला असता. तिचा हात उंटापर्यंत गेला आणि थांबला. तिला आप्पांचा भयंकर राग आला. तिनं राजा उचलून त्या उघड्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं. पुढच्या नऊ खेळ्यांत सगळं संपलं.

स्टँडवर आप्पा म्हणाले, “उंट घालायचा व्हता, पोरी. कुणी बघितलं न्हवतं.”

“तुम्ही?”

“म्या बी न्हाई.”

“मग मान कशापायी फिरवलीत, आप्पा?”

आप्पांनी पुन्हा मान फिरवली, गाडीच्या रस्त्याकडं. गावाकडं जाणारी शिरूरची गाडी लागली तरी दोघं तिथंच उभी होती. हरल्यावर राजश्रीला रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं.