तीन पाण्यांचे शिंपले

या, जरा जवळ सरकून बसा. एका सासू-सुनेची गोष्ट सांगतो. भांडणाची नव्हे, घाबरू नका!

खाडीकाठची ती सासू ओहोटी लागली की दलदलीत उतरायची, चिखल चाचपून शिंपले वेचायची. रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवले की ते पोटातला गाळ ओकतात. मग वरून तीन पाण्यांनी धुवायचे. तिच्या हातचा शिंपला दाताखाली कधी करकरला नाही. सुनेला दिवस गेल्यापासून तर तिच्या ताटात ते ठरलेलेच.

सून माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला. बॅटरीच्या बंद कारखान्याचा नाला दलदलीला मिळतो तिथला चिखल तपासणीला आला, आणि त्यात शिसं निघालं, तेही भरपूर. सासू वेचायची तीच जागा! घरी येऊन सुनेनं शिंपल्यांची वाटी बाजूला सारली.

"तोंडाची चव गेली का गं?"

"आई, तिथल्या चिखलात शिसं आहे. बाळाला बाधेल."

"मग मी काय चिखल वाढते तुला? तीन पाणी देते, तीन!"

जी बाई तिला वाकून चप्पलसुद्धा उचलू देत नव्हती, तिच्याशी वाद कसा घालायचा? सुनेनं धुतलेले मूठभर शिंपले डब्यात घालून तपासणीला नेले. स्वतःचं रक्तही तपासायला दिलं.

निकाल आले तशी ती सासूला खेटून पायरीवर बसली. "तुमच्या धुण्यात खोट नाही, आई. शिसं मांसातच मुरलंय. पाण्यानं जात नाही."

"आणि तुझ्या रक्तात?"

"थोडं आहे. आता खाणं थांबवलं तर निभावेल, म्हणाले डॉक्टर."

"म्हणजे मीच भरवत होते गं..."

सुनेनं सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली.

"आजीवर रागावलंय," सासू डोळे पुसत म्हणाली.

"छे! मला झोपू देत नाही, तेच तुम्हालाही दाखवतंय."

पुढच्या ओहोटीला सासू टोपली न घेताच दलदलीवर गेली आणि शिंपले वेचायला आलेल्या शेजारणींची वाट अडवून उभी राहिली.

"सुनेच्या मुठीत गेलीस की!" शेजारणी हसल्या.

"गेले बाई! नातवंड तिच्या पोटात, मी दुसरीकडे कुठे जाऊ? पण तुमच्या पोरीबाळींना हे घालू नका गं."

काही जणी तिला टाळून खाली उतरल्या, काही परतल्या. भरतीचं पाणी चढेपर्यंत ती उन्हात तशीच उभी, प्रत्येकीला हात जोडत.

देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या सासूची आठवण काढा.