चेंगदूहून आलेला लॅपटॉप

गुरुनाथने टेबलावरची निवडलेली कोथिंबीर बाजूला सारली, तिथे लॅपटॉप ठेवला आणि झाकण उघडून तो अनयाकडे वळवला.

"आमच्या चेंगदूच्या डीलरच्या दुकानातून घेतलाय. साधं गिऱ्हाईक म्हणून. बघ जरा."

अनयाने ओले हात पुसले. स्क्रीनवर चिनी अक्षरांची पंधरा-वीस चिन्हं होती. सुई-दोऱ्याच्या निळ्या चिन्हापाशी तिचं बोट थांबलं.

"हे आमचं आहे."

"म्हणूनच घरी आणला."

गुरुनाथची कंपनी लॅपटॉप बनवत असे. चीनमध्ये जाणारे लॅपटॉप कारखान्यातून कोरेच, सॉफ्टवेअरशिवाय, निघत, कारण तिथल्या स्पर्धकांचे कोरे आणि म्हणून स्वस्त असत. पुढे दुकानदार त्यांत चोरीची सॉफ्टवेअर भरून देत. असं करणाऱ्या डीलरची एजन्सी रद्द करायची, असा कंपनीचा नियम होता आणि ते तपासणं हे गुरुनाथचं काम होतं. पण चेंगदूचा डीलर सगळ्यांत मोठा होता. तो तुटला तर दुसऱ्या दिवशी स्पर्धकाची पाटी लावणार. चीनमधली विक्री आणखी घसरली तर तुमचा विभाग बंद, असं साहेबाने शुक्रवारीच सांगितलं होतं. मग अमेरिकेच्या व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत नागपूर. अनयाचं वर्क परमिटही त्याच्याच व्हिसावर होतं. स्वानंदीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष चालू होतं.

अनया इथेच, ईडन प्रेरी गावात, एका छोट्या कंपनीत होती. भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी तयार करणारं सॉफ्टवेअर ते बनवत. चीनमधले कितीतरी कारखाने ते वापरत. विकत कुणी घेत नसे. वर्षभरात अकरा माणसांची सहा झाली होती.

"रिपोर्ट कधी द्यायचाय?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी."

"मग दे ना. मला काय विचारतोस?"

"अनया, डीलर गेला की मी गेलो. आणि मी गेलो की तुझं परमिट..."

"माहितीये मला. पण आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात, यार. कॉपी आतूनच बाहेर गेली असं आमच्या बॉसला, कर्टला, वाटतंय. प्रोग्रामर डॅनशी तर तो धड बोलत नाही. थांब, ही कॉपी कुणाच्या परवान्यातून निघाली ते दोन मिनिटांत सांगते."

तिने तीन कळा एकदम दाबल्या. एक लहानशी खिडकी उघडली. अनयाने ती बंद केली. पुन्हा उघडली.

"काय झालं?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. सगळी अक्षरं चिनी होती, फक्त परवानाधारकाचं नाव इंग्रजीत होतं. तिचं.

"ग्वांगझूचा एक कस्टमर होता," ती हळूहळू म्हणाली. "दोन वर्षं झाली. त्याचा डेमो एक्स्पायर झाला. कर्ट विमानात होता. मोठी ऑर्डर जाईल म्हणून मी माझी लायसन्स-की दिली. फक्त दोन दिवस, म्हणाला."

"ऑर्डर?"

"नाही आली."

"कर्टला माहितीये?"

तिने मान हलवली. नाही.

गुरुनाथने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मी फॉरमॅट करतो. काही सापडलं नाही, असं लिहितो. तुझी नोकरीही राहील, माझीही. स्वानंदीचं एवढं वर्ष होऊ दे, अनया. प्लीज."

"आई, आर वी ईटिंग ऑर नॉट?" वरून स्वानंदीचा आवाज आला.

"टेन मिनिट्स, बाळा." अनयाचा आवाज नेहमीसारखाच होता. गुरुनाथला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याने डिस्क पुसायची आज्ञा दिली. स्क्रीनवर चिनी भाषेत एक प्रश्न आला, खाली दोन बटणं. हो कुठलं आणि नाही कुठलं, त्याला कळेना. भाषांतरासाठी त्याने फोन स्क्रीनवर धरला, पण स्क्रीनच्या चकाकीत अक्षरं ओळखली जाईनात. अनयाने त्याच्या हातातला फोन घेतला, नीट धरला, वाचलं, आणि उजवीकडचं बटण स्वतःच दाबलं.



दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अनया दुपारी दोनलाच घरी आली. गुरुनाथ त्या दिवशी घरूनच काम करत होता. गॅरेजचं दार वाजलं तसा तो उठून आला.

"एवढ्या लवकर?"

"कर्टला सांगितलं. ती लायसन्स-की माझी होती म्हणून. घरी जा म्हणाला."

"अगं, पण आपण सगळं पुसलं होतं. पुरावाच नव्हता."

"हो. म्हणून सांगावं लागलं. सकाळी त्याने डॅनला केबिनमध्ये बोलावलं होतं."

"आणि तुला कुठून कळलं, हे नाही विचारलं त्याने?"

"विचारलं ना."

"मग?"

"म्हटलं, मला आठवलं."

गुरुनाथ भिंतीला टेकला. बाहेर शेजाऱ्याचं बर्फ उडवायचं मशीन घरघरत होतं.

"तुझा रिपोर्ट?"

"गेला. साहेबाने लगेच ओके केला."

"बरं झालं," अनया म्हणाली आणि बुटांची लेस सोडायला खाली वाकली. लेस सुटली तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.