सोनीबाईचं घर का उभं राहिलं

मे महिन्याच्या शेवटी खुंटीबाबा आमच्या टोल्यावर, म्हणजे नदीकाठच्या छोट्या वस्तीवर आले. वडशाकडच्या नाटकाला धरतात तशी बायांनी सोनीबाईच्या अंगणात सकाळपासून बोऱ्या टाकून जागा धरली होती.

गेल्या सप्टेंबरात नदी टोल्यात शिरली आणि अकरा घरं पडली. उभं राहिलं ते एकट्या सोनीबाईचं. का राहिलं? तर म्हणे बाबांनी तिच्या घराच्या चारी कोपऱ्यांत मंतरलेल्या खुंट्या गाडल्या होत्या.

"म्या नदीले म्हटलं, माय, हे चार खुट्या पाह्य अन् वापस फिर," बाबा सांगत होते. "थे माह्या पाया पडून फिरली."

नदी पाया कशी पडते, हे कोणी विचारलं नाही.

मग बाबांनी पिशवीतून दोन लाल विटा काढून पाण्याच्या टबात ठेवल्या. "हे एक इसरूच्या पडल्या घराची. हे दुसरी माह्या खुटीच्या घराची." थोड्याच वेळात पहिली वीट विरघळू लागली आणि पाणी लाल झालं. "पाह्यलं? बिनखुटीच्या घराचं रगत निघून राह्यलं." बायांनी हात जोडले. दुसरी वीट होती तशीच राहिली.

मी मिस्त्री आहे. बावीस वर्षं विटा हाताळतो आहे. पहिली वीट भट्टीत गेलेलीच नाही, हे मला ती पाण्यात पडण्याआधीच कळलं होतं. माझ्या घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे. तरीही मी गप्प बसलो.

का बसलो, ते सांगायला लाज वाटते. पडलेल्या अकरा घरांपैकी सात माझ्या हातची होती. लोक खुंटीवर विश्वास ठेवत होते तोवर मिस्त्रीला कोणी काही विचारणार नव्हतं. बाबांचा चमत्कार माझ्या फार सोयीचा होता.

समोरच इसरूची म्हातारी आई रुखमाबाई काठी घेऊन बसली होती. पुरात मी बांधलेल्या भिंतीखाली तिचा पाय सापडला होता. शेजारीच इसरूचं नवं घर मीच बांधत होतो आणि भिंती खिडकीच्या बुडापर्यंत आल्या होत्या. तिथे चारी भिंतींवरून सळई टाकून काँक्रीटची पट्टी फिरवायला हवी, हे मला ठाऊक होतं. पण पट्टीचं नाव काढलं असतं तर त्याच्या पडलेल्या घरात ती का नव्हती, हेही सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात शाळेच्या हर्षा मॅडम उठल्या. त्यांनी बाबांच्या पिशवीतून पहिल्या विटेसारखीच आणखी एक वीट काढली. "बाबा, हिच्यावर मंतर टाका. मंग पाण्यात ठेवून पाहू."

"मंतर सकाळच्या पारीच चालते," बाबा म्हणाले.

मॅडमनी वीट दगडावर आपटली. बाहेरून लाल, आतून मातकट. त्यांनी वरून बोट घासून सगळ्यांना दाखवलं. "हा गेरू आहे. टबातलं रगतही हाच. कच्च्या विटेले रंग देला, बस." मग त्या माझ्याकडे वळल्या. "नागसेनभाऊ, तुम्ही मिस्त्री आहा. हे वीट भाजली आहे काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाहावं लागन," मी म्हणालो. आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज या दोन शब्दांची वाटते.

इसरूला धीर नव्हता. बाबांनी पायाच्या खाली हातभर खोल खुंटी गाडायला सांगितली होती. तो सबल घेऊन गेला आणि नव्या घराचा कोपरा खणू लागला. तो आवाज ऐकून मात्र मला बसवेना.

"इसरू, थांब. पाया पोकरू नोको. पाणी तिथूनच शिरते अन् घर कोपऱ्यातूनच बसते."

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोनीबाईचं घरही मीच बांधलं होतं. तिचा नवरा झिंगू, जो आता तेंदूपत्त्याच्या कामाला गेला होता, त्याने मला मोहाच्या झाडावरची जुन्या पुराची रेघ दाखवली आणि जोतं तिच्याही वर घ्यायला लावलं. कोपऱ्यात सळई वळवून पट्टीही फिरवायला लावली. "म्या हासलो होतो त्याले. म्हटलं, राजवाडा बांधतं का? बाकीच्या घरात जोतं खाली ठेवलं, पट्टी घातलीच नाई. म्हटलं, कोणाले दिसते."

दारातून सोनीबाई म्हणाली, "खुट्या तं पूर उतरल्यावर गाडल्या. मी तवाच सांगतलं. कोणी आयकलं नाई."

ते खरं होतं. तिचं आम्ही कधीच ऐकत नाही. बाबांनी पिशवी आवरली, मिळालेला कोंबडा काखेत मारला आणि रस्ता धरला. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

"तुले माईत होतं?" रुखमाबाईने विचारलं.

"हो."

"अन् इतके दिवस?"

तिने काठी अर्ध्या भिंतीकडे केली. "मंग घाल आता पट्टी. मी इथीच बसून राहीन."

पट्टी पुरी होईपर्यंत, तीन दिवस, ती तिथे बसून होती.

खुंटीने पूर अडत नाही. पाऊस लागण्याआधी आपल्या घराचं जोतं जुन्या पुराच्या रेघेशी मोजून पाहा. कोपऱ्यात सळई वळवली आहे का, ते विचारा. मिस्त्री म्हणाला, "कोणाले दिसते", तर त्याचं काम तिथेच थांबवा. तो मिस्त्री मी असलो तरी.